पासष्टावरचा पारा

मित्रांनो, माझ्या पोटात पारा आहे, म्हणून आता मला कुणी हात लावत नाही. मी एक जुना तापमापक आहे. उत्तर इंग्लंडातल्या टीस नदीच्या काठच्या एका शाळेत, प्रयोगशाळेच्या कुलूपबंद कपाटात, कापसाच्या गादीवर मी पडून असतो. मुले काचेतून माझ्याकडे बघतात आणि एकमेकांना बजावतात, की हा फुटला तर सगळ्यांना विषबाधा होईल. मला त्यांचा राग येत नाही. भीती ही नेहमीच वाईट नसते. मी स्वतः एक आख्खा वसंत ऋतू भीतीत काढला आहे. एक चांगली बाई माझ्या डोळ्यांसमोर दिवसेंदिवस आजारी पडत होती, त्याचे कारण मला ठाऊक होते आणि मी तिला वाचवू शकत नव्हतो. ती हकिगत तुम्हाला सांगितल्याशिवाय मला चैन पडायचे नाही.

लंडनच्या एका अरुंद गल्लीत, काच फुंकणाऱ्या कारागिराच्या दिव्यावर माझा जन्म झाला. त्याने गाल फुगवून माझ्या बुडाशी एक इवलासा फुगा केला, त्यात पारा भरला, अंगावर बारीक रेघा कोरल्या आणि मला पितळी कवचात बसवले. जिथे ठेवतील तिथली ऊब सांगायची, ना कमी ना जास्त, एवढेच माझे काम. मला वाटले, किती सोपे आयुष्य आहे.

पुढची कितीतरी वर्षे मी एका दुग्धालयात काढली. दूध तापवून क्षयाचे जंतू मारायचे आणि दूध पुरेसे तापले की नाही ते मी सांगायचे. दर सोमवारी एक तपासनीस स्वतःचा तापमापक घेऊन यायचा. तो माझ्याशेजारी दुधात बुडवायचा आणि दोघांच्या रेघा जुळतात का ते बघायचा. मला त्याचा फार राग येई. इतकी वर्षे इमानाने काम करतोय आणि तरी हा संशय, असे वाटे. तो राग किती मूर्खपणाचा होता, हे मला नंतर कळले.

दुग्धालय बंद पडले तेव्हा मला आणि माझ्या राखणदाराला, आल्बर्ट रडकला, एकाच कारखान्याने घेतले. आल्बर्ट हा अबोल, जाडजूड माणूस. डोक्यावर सदा तेलकट टोपी. मला तो 'म्हातारा' म्हणायचा, जरी मी त्याच्याहून लहान होतो.

तो कारखाना मोठा विचित्र होता. त्या काळी शहाण्या लोकांना धास्ती पडली होती, की जगातली माणसे वाढत चालली आहेत, सगळ्यांना मांस कुठून पुरणार? म्हणून त्यांनी मातीतली एक बुरशी शोधून काढली होती. उंच टाकीत गव्हाच्या सत्त्वाचा गोड पाक पाजून ती वाढवायची. ती इतक्या झपाट्याने वाढे, की सकाळी पातळ दिसणारे पाणी दुसऱ्या दिवशी पेजेसारखे दाट होई. ती गाळून दाबली की कणकेसारखा गोळा तयार व्हायचा. त्याला अळंब्यांचा मंद वास यायचा. त्या गोळ्यात कोंबडीच्या मांसासारखे बारीक धागे असत. चिरून, परतून तो मांसाच्या जागी खायचा, अशी कल्पना.

पण मित्रांनो, झपाट्याने वाढणाऱ्या प्रत्येक गोष्टीच्या पोटात काहीतरी साठत असते. या बुरशीच्या पेशीपेशीत एक द्रव्य फार होते. ते माणसाच्या पोटात गेले की शरीर त्याचे युरिक ॲसिड करते. थोडे असेल तर मूत्रपिंडे ते बाहेर टाकतात. फार झाले तर ते रक्तात साठते, सांध्यांत काचेच्या सुयांसारखे स्फटिक होऊन बसते, नाहीतर मूत्रपिंडात खडा होतो. कलेजी खाणाऱ्यांना हा त्रास होतो ना, तसाच.

त्यावर कारखान्याने उपाय काढला होता. तयार पेज एका बुटक्या टाकीत घ्यायची आणि पासष्ट अंशांवर वीस मिनिटे धरायची. मग बुरशीचे स्वतःचेच रस ते द्रव्य विरघळवतात आणि ते पाण्याबरोबर वाहून जाते. ऊब कमी पडली तर विरघळत नाही. एकदम फार तापवले तर ते रसच मरतात, आणि द्रव्य आहे तिथेच राहते. या एका पायरीत मालाचा तिसरा हिस्सा गटारात जायचा. साहेब लोक हळहळायचे, पण ती पायरी कुणी टाळली नाही. आणि त्या बुटक्या टाकीच्या भिंतीतल्या पितळी खोबणीत मी बसलो होतो. सगळा भार माझ्या एका रेघेवर.

इथे मला कुणी तपासायला येत नव्हते. सोमवारचा तो तपासनीस दुग्धालयाबरोबरच गेला.

त्या जानेवारीत थंडीने वाफेची नळी गोठून फुटली. दुरुस्तीला आलेल्या माणसांना घरी जायची घाई होती. नवी नळी त्यांनी सोयीच्या वाटेने नेली, अगदी माझ्या खोबणीला चिकटून. त्यांना उजेड दाखवायला कंदील धरून आल्बर्टच उभा होता. दुसऱ्या दिवशी टाकीत पेज आली, वाफ सुरू झाली, आणि माझ्या एका कुशीला चटका बसला. दुसऱ्या कुशीला कोमट पेज लागत होती. पारा मात्र चढत चढत पासष्टावर गेला. मी काय करणार? मला जेवढी ऊब लागते तेवढीच मी दाखवतो. ती पेजेची आहे की नळीची, हे सांगायला माझ्याकडे दुसरी रेघ नाही.

आल्बर्टने मला नखाने टिचकी मारली, मान डोलावली आणि वाफ बारीक केली. मला ओरडावेसे वाटले. पण काचेला वाचा नसते.

त्यानंतर तीनच आठवड्यांनी अकरा बायका जेवायला आल्या.

ईस्टरच्या आधीचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ सुरू होत होता. गावातल्या चर्चच्या काही बायकांनी फादरांसमोर नेम घेतला होता, की चाळीस दिवस मांसाचा तुकडाही तोंडात घालायचा नाही. कारखान्याच्या डॉक्टरसाहेबांना, फेनविक त्यांचे नाव, ही गोष्ट कळली आणि त्यांना फार आनंद झाला. बुरशी माणसाच्या रक्ताला काय करते ते बघायचे तर मांसाची भेसळ नको, आणि या बायकांएवढा पक्का नेम कोण पाळणार? टाकीशेजारच्या खोलीत लांब टेबल मांडले. रोज दुपारी त्यांनी तिथे जेवायचे, रात्रीच्या जेवणाचा डबा घरी न्यायचा, आणि दर शुक्रवारी परिचारिका मॉरीन हेस्लप त्यांचे रक्त घेणार. टाकीच्या कडेने एक लोखंडी दांडा होता. तिथे ऊब असायची, म्हणून बायका आपले ओले कोट त्यावर टाकत. त्यामुळे त्यांचे सगळे बोलणे माझ्या कानाशी व्हायचे.

पहिल्याच दिवशी नोरा टायर्नी नावाच्या उंच, हाडकुळ्या बाईने टाकीवर बोटाने टकटक केले.

"आल्बर्टराव, ही बुरशी म्हणे? माझ्या न्हाणीघराच्या भिंतीवर फुकट आहे की."

"तुमची तुम्ही खा, नोराबाई," आल्बर्ट म्हणाला. "आमची शिकलेली आहे."

"शिकलेली असती तर या कारखान्यात कशाला राहिली असती?"

सगळ्या हसल्या. फक्त एक बाई हसता हसता थांबली आणि तिने आपला कोट नीट घडी घालून दांड्यावर ठेवला. ती विनी मॅकगर्क. साठीला टेकलेली, ठेंगणी, आयुष्यभर धोबीखान्यात काम केल्यामुळे हात रापलेले. ती रोज पहाटेच्या प्रार्थनेला जायची, आणि तिच्या खिशातल्या जपमाळेचा आवाज कोट काढताना हलकाच येई. विधवा होती. एकुलती एक मुलगी कॅथलीन लग्न होऊन नदीपलीकडे राहायची.

जेवण वाईट नव्हते म्हणे. कांदा घालून परतलेले, वर दाट रस्सा. नोरा म्हणाली, की डोळे मिटून खाल्ले तर कोंबडी, आणि उघडून खाल्ले तर प्रायश्चित्त.

जेवणानंतर चहा यायचा. विनीने कप पालथा घातला.

"चहाही सोडलास?" नोराने विचारले. "अगं विने, मांस सोडलंस ते ठीक. चहाने देवाचं काय वाकडं केलंय?"

विनी तिला कोटांपाशी घेऊन आली आणि हळूच म्हणाली, "कॅथलीनला पुन्हा दिवस गेलेत. चौथा महिना लागलाय."

नोराची थट्टा एकदम थांबली. "देवा. आणि दोनदा गेलंय हातचं."

"म्हणून या वेळी मोठा नेम धरलाय. जे काही कष्ट पडतील ते सगळे त्या बाळासाठी वाहायचे. तक्रार करायची नाही. तक्रार केली की वाहिलेलं परत घेतल्यासारखं होतं."

"असं कोण म्हणालं?"

"माझी आई म्हणायची."

मित्रांनो, त्या बायकांच्या पंथात ही जुनी रीत आहे. काही दुखले खुपले, तर ते मुकाट्याने सोसून देवाला वाहायचे. मला ती रीत फार सुंदर वाटली. आणि त्याच क्षणी मला भीतीही वाटली, कारण त्या खोलीत आता दोघे मुके होते, ती आणि मी.

दोन आठवडे गेले. अकराजणी जेवत होत्या, डबे नेत होत्या. रोज सकाळी माझी एक कूस भाजे, दुसरी कोमट राही, आणि आल्बर्ट पासष्ट लिहून ठेवी. ते द्रव्य पेजेत तसेच राहत होते आणि ताटांत वाढले जात होते.

तिसऱ्या आठवड्यात एके दिवशी विनी एका पायात बूट आणि एका पायात पुरुषी सपात घालून आली.

"हे काय गं?" नोरा म्हणाली. "तुझ्या नवऱ्याची सपात?"

"भोवरी झालीय. बूट लागतो."

"दाखव."

"जेवण गार होईल, चल."

नोरा पुढे गेली. विनी मागे राहिली. तिने दांडा दोन्ही मुठींनी धरला आणि सपातेतला पाय वर उचलला. तिचा श्वास माझ्या पितळेवर येत होता, इतकी ती जवळ होती. तिच्या कपाळावर घामाचे थेंब होते, बाहेर बर्फ पडत असतानाही. ती पुटपुटत होती, "बाळासाठी. हे बाळासाठी." मग तिने पदर सावरावा तसा डोक्याचा रुमाल सारखा केला आणि हसऱ्या चेहऱ्याने आत गेली.

भोवरीने असा घाम येत नाही. दुग्धालयाच्या मालकाला हाच, सांध्यांतल्या स्फटिकांचा रोग होता. पायाच्या अंगठ्यावरून नुसती चादर सरकली तरी तो ओरडायचा.

त्या दिवसापासून माझी भीती वाढतच गेली. ती येई तेव्हा वाटे, आज तरी बोलेल. ती आली नाही की वाटे, घरीच पडली असेल. दर शुक्रवारी मॉरीन दंडाला पट्टी बांधून रक्त घेई आणि विचारी, "काही त्रास, मिसेस मॅकगर्क?" आणि विनी म्हणे, "देवाची कृपा आहे, पोरी." चहा नाही, पाणीही घोटभरच. शरीरातला कचरा बाहेर पडायला पाणी लागते, हे तिला कुणी सांगितले नव्हते. खिशातली जपमाळ आणि तोंडातले हसू, दोन्ही रोज तसेच. सपातेतला पाय मात्र रोज थोडा जास्त तिरका पडे.

रक्ताचे निकाल शहरातून पोस्टाने येत, आठवडा दीड आठवडा उशिरा. एका दुपारी मॉरीन ते कागद हातात घेऊन आली. तरुण, काटेकोर मुलगी. ती दुसऱ्या पंथाची होती, त्यांच्यात असला उपवास नसतो. ती टेबलाच्या टोकाला उभी राहिली.

"मला एक गोष्ट खरी खरी सांगा. रागावणार नाही. घरी कलेजी कोण खातंय?"

काटे ताटांवर थांबले.

"काय म्हणालीस?" नोराने विचारले.

"अकरापैकी नऊजणींचं युरिक ॲसिड चढलंय. मिसेस मॅकगर्कचं तर फारच. इतकं कलेजीने चढतं, नाहीतर गुरद्याने. एखादी चूक झाली असेल तर सांगून टाका. माणूस आहे, होतं."

"ऐक, पोरी," नोरा उठून उभी राहिली, आणि ती बरीच उंच होती. "उपवासकाळात कलेजी? माझी आई थडग्यातून उठून माझे कान उपटेल. तुमच्यात रविवारी तीन गाणी म्हटली की देव खूश. आमच्यात तसं नसतं."

"मी तुमच्या धर्माबद्दल बोलत नाही, मिसेस टायर्नी."

"मग कशाबद्दल बोलतेस? आमच्या ताटात फक्त तुम्ही वाढता ते आहे. तुमच्या भांड्यात बघ."

मॉरीन खरोखरच टाकीपाशी आली. माझा पारा उसळी मारून बाहेर येईल असे मला वाटले. बघ, मनात म्हणालो, त्या नळीला हात लाव. फक्त एकदा हात लाव.

"मिस्टर रडक, ऊब बरोबर असते ना?"

"पासष्ट. वीस मिनिटं. रोज." आल्बर्टने मला बोटाने दाखवले. "हा माझ्याबरोबर पंधरा वर्षं आहे. माझी बायको कधीमधी खोटं बोलली असेल. हा नाही."

मॉरीनने वाकून माझी रेघ वाचली. पासष्ट. तिने मान हलवली आणि ती निघून गेली. मित्रांनो, माझ्या आयुष्यात माझी पुष्कळ स्तुती झाली आहे. त्या दिवशीच्या स्तुतीइतकी दुसरी कुठलीच मला लागली नाही.

त्याच संध्याकाळी फेनविकसाहेब आले. कुणीतरी चोरून कलेजी खात असावे, अशीच त्यांची समजूत झाली होती. दरवाजात उभे राहून ते आल्बर्टला म्हणाले, की चव सगळ्यांना आवडली आहे, तेव्हा पुढच्या सोमवारपासून हाच माल टेकडीवरच्या, चर्चच्या जोगिणींच्या वृद्धाश्रमात पाठवायचा. चौतीस म्हातारी माणसे आहेत, दात नाहीत, मऊ अन्न चालेल.

विनी तेव्हा दांड्यावरचा कोट काढत होती. तिचा हात थांबला. तिने ते ऐकले, कोट अंगावर घातला आणि ती गेली.

चौतीस म्हातारी माणसे. त्यांची मूत्रपिंडे आधीच थकलेली. मी दिवस मोजू लागलो. सोमवार यायला सहा दिवस होते, मग पाच, मग चार.

गुरुवारी विनी आली ती भिंतीला धरून. जेवली नाही. सगळ्या उठल्यावर कोटाकडे आली, आणि तिचा पायच वाकला. ती दांड्याला लटकली, सपात निसटून माझ्या खाली येऊन पडली. नोरा धावली. तिने खाली बसून विनीचा मोजा उतरवला आणि तशीच बसून राहिली. अंगठा बीटासारखा लाल, टम्म फुगलेला, कातडी चकाकत होती.

"ही भोवरी?"

"हात लावू नकोस," विनी म्हणाली. "पाया पडते, वारंही लागू देऊ नकोस."

"किती दिवस?"

विनीने सपातेकडे हात लांबवला.

"विने, किती दिवस?"

"सतरा. आणि कालपासून कमरेत कळ येतेय, श्वास घेववत नाही अशी. नोरा, तू कुणाला सांगायचं नाहीस. कॅथलीनला पाचवा लागलाय. गेल्या वेळी पाचव्यातच गेलं होतं. मी आता तोंड उघडलं आणि काही झालं, तर?"

नोराने तो मोजा हातातच धरून ठेवला होता. मग हलक्या आवाजात म्हणाली, "तुझं दुखणं तू देवाला वाहिलंस, ते त्याला पोचलं. त्यात मी बोलणार नाही. पण हे दुखणं तुला देवाने दिलंय, की या टाकीने? टाकीची चूक देवाच्या पायावर काय म्हणून घालतेस?"

"कुणाची चूक ते मला काय ठाऊक?"

"कलेजी खाल्लीस?"

"नोरा!"

"मग झालं तर. आपल्या नऊजणींपैकी एकीनेही खाल्लेली नाही. म्हणजे हे दुखणं त्या ताटातून येतंय. आणि सोमवारी ते ताट टेकडीवर जाणार. तिथे माझी थोरली बहीण आहे, विने. तिला कुणी विचारलं नाही, की बाई, तुला हे कुणासाठी वाहायचंय का."

विनीने डोळे मिटले. तिचे ओठ हलत होते, जप चालला होता की रडू आवरत होती ते मला कळले नाही. तिच्या चेहऱ्यावर एवढी भीती होती, की माझी भीती तिच्यापुढे काहीच नव्हती. मला परक्या माणसांसाठी भीती होती. तिला नातवंड जाण्याची होती.

मग तिने डोळे उघडले. "मॉरीनला बोलाव," ती म्हणाली.

मॉरीन आली आणि तो पाय बघून विनीसमोर खाली बसली. "मिसेस मॅकगर्क, दर शुक्रवारी मी विचारते. तुम्ही म्हणता देवाची कृपा."

"ती खोटी नव्हती गं," विनी म्हणाली. "सतरा दिवस सोसतेय, पोरी. पण मी कलेजी खाल्लेली नाही. देवाशपथ सांगत नाही, कारण शपथ घ्यायची नसते. नुसतं सांगते."

मॉरीन तिच्याकडे पाहत राहिली. सतरा दिवस हे दुखणे सोसून नेम न मोडणारी बाई चोरून कलेजी खाईल काय? त्या मुलीच्या मनात हे कोडे उलगडताना मला दिसले. तिने आल्बर्टला हाक मारली.

"आत, अगदी मध्ये, दुसरा तापमापक घालून बघायचंय."

"म्हाताऱ्यावर संशय?" आल्बर्टचा चेहरा लाल झाला.

"संशय नाही. तपासायचंय."

दुपारची पेज टाकीत होती, वाफ चालू होती. आल्बर्टने प्रयोगशाळेतला तापमापक आणला, झाडूच्या दांड्याला सुतळीने बांधला आणि झाकण उघडून पेजेच्या मधोमध सोडला. सगळे वाट बघत उभे होते. मी पासष्ट दाखवत होतो. जन्मात पहिल्यांदा मला वाटले, माझा पारा खाली यावा, मी फुटावे, काहीही व्हावे.

आल्बर्टने दांडा वर काढला आणि पाणावलेली काच पुसली.

"एकावन्न," तो म्हणाला.

त्याने पुन्हा बुडवला. पुन्हा एकावन्न. मग तो माझ्याजवळ आला, माझ्या खोबणीवर तळहात ठेवला, आणि त्याचा हात बाजूच्या नळीला लागून भाजला. तो तसाच बोट तोंडात धरून उभा राहिला. जानेवारीतला तो कंदील त्याला आठवत असणार.

"ही नळी," तो अखेर म्हणाला. "मीच उजेड धरला होता." त्याने टोपी काढली आणि विनीच्या खुर्चीसमोर गेला. "मिसेस मॅकगर्क, मी रोज पासष्ट लिहिलंय. मध्ये काय आहे ते एकदाही बघितलं नाही. त्याला दोष देऊ नका. त्याला जिथे बसवलं तिथलं त्याने सांगितलं."

सोमवारी टेकडीवर काही गेले नाही. उरलेला सगळा माल फेनविकसाहेबांनी पुरून टाकला.

विनीला इस्पितळात नेले. मूत्रपिंडात खडा होता. तो पडेपर्यंत तिने पाच दिवस काय सोसले ते मला नोराच्या तोंडून कळले. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, भरपूर पाणी प्यायचा हुकूम केला, आणि हेही सांगितले, की तिच्या वडिलांनाही हा रोग होता, म्हणजे तो त्यांच्या रक्तातच आहे. तिने असले काही खाण्याआधी विचारायला हवे होते आणि कारखान्यानेही तिला विचारायला हवे होते. इस्पितळात ती सर्वांत जास्त घाबरली होती ती मुलीच्या निरोपाला. दारात कुणी दिसले की ती जपमाळ घट्ट धरायची. तो निरोप आला नाही. पाचवा महिना सरला, सहावा सरला. उन्हाळ्याच्या शेवटी कॅथलीनला मुलगी झाली, तीही चांगली धडधाकट. विनीने तो नेम मोडला म्हणून नव्हे आणि पाळला म्हणूनही नव्हे. का झाली ते ज्याने दिली त्यालाच माहीत, असे विनीच म्हणाली.

नळी हलवली गेली. टाकीच्या मधोमध एक लांब खोबण केली आणि मला तिथे बसवले. माझ्याशेजारी दुसरा, नवा तापमापक आला. रोज सकाळी आल्बर्ट दोघांच्या रेघा जुळवून बघे, आणि मला त्याचा राग येत नसे. त्या शरद ऋतूत बायका पुन्हा जेवायला बसल्या. या वेळी त्यांचे युरिक ॲसिड किंचित हलले आणि जागेवर राहिले. कोलेस्टेरॉल मात्र थोडे उतरले, आणि दुपारचे जेवले की संध्याकाळपर्यंत भूक लागत नाही, अशी नोराची तक्रार होती. बुरशी वाईट नव्हती, मित्रांनो. तिला जेवढी ऊब हवी होती तेवढी आम्ही दिली नव्हती.

विनीला त्या टेबलावर जेवायची परवानगी नव्हती. पण ती रोज यायची, चहाची किटली घेऊन. कोट टाकायच्या आधी टाकीपाशी थांबून ती म्हणायची, "आल्बर्ट, दोघांचं जुळतंय का?" तो म्हणायचा, "जुळतंय." ती तेवढ्यावर विश्वास ठेवत नसे. चष्मा लावून, वाकून, दोन्ही रेघा स्वतः वाचायची, आणि मगच जेवण वाढले जायचे.

आता माझे काम विजेवर चालणारी यंत्रे करतात. ती माझ्याहून हुशार आहेत. पण त्यांनाही कुणीतरी कुठेतरी बसवतेच, आणि आपण कुठे बसलो आहोत हे त्यांनाही सांगता येत नाही.

मित्रांनो, मी कपाटात बंद आहे, माझी काळजी नका करू. तुमच्या घरात एखादी आजी असेल, मावशी असेल. ती विचारल्यावर सांगेल, की मला काही नाही, देवाची कृपा आहे. तिच्या शब्दांचा मान ठेवा. पण ती उठून आत जाईल ना, तेव्हा क्षणभर थांबा आणि ती पाय कसा टेकते ते बघा.